अण्णांना दोन निवेदिका दिसल्या तेव्हा: डोळा हलवणारे सहा स्नायू आणि तीन चेता

सांजवात (धागालेखिका)

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी अण्णांनी टीव्ही पाहता पाहता सहज विचारले, "आज बातम्या द्यायला दोघी का बसल्या आहेत?" पडद्यावर एकच निवेदिका होती. अण्णांचे वय ७१, मधुमेह १८ वर्षांपासूनचा, डोळ्यांत मोतीबिंदूचे नाव नाही. दुसरी बाई पहिलीच्या डावीकडे, तितकीच ठळक, फक्त चारचौघांत उभी राहावी तशी जरा हटून बसलेली आहे, असे त्यांचे वर्णन होते. आम्ही घरच्यांनी नेहमीप्रमाणे चष्म्यावर संशय घेतला, दुकानात नेऊन नंबर तपासून घेतला, नवी भिंगे बसवली आणि आठ दिवस फुकट घालवले, कारण नव्या चष्म्यातूनही निवेदिका दोनच राहिल्या.

अखेर नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी कोणतेही यंत्र लावण्यापूर्वी अण्णांना डावा डोळा तळहाताने झाकायला सांगितले. एकच दिसू लागले. मग उजवा झाकायला सांगितला, तेव्हाही एकच दिसले. "म्हणजे दोन्ही डोळे आपापल्या जागी नीट पाहत आहेत, त्यांचा मेळ तेवढा बसत नाही," असे त्या म्हणाल्या आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष त्या दहा सेकंदांत निघाला होता. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोन दिसत राहिले असते, तर दोष त्या डोळ्याच्या आत, म्हणजे भिंगात, बुबुळाच्या पृष्ठभागावर किंवा नंबरात शोधावा लागला असता. हा प्रश्न चष्म्याच्या दुकानात कोणी विचारला नाही आणि आम्हालाही सुचला नाही.

त्यानंतर त्यांनी डोके स्थिर ठेवून पेनाच्या टोकाकडे पाहायला सांगितले. पेन उजवीकडे नेले तेव्हा दोन्ही डोळे बरोबर गेले. डावीकडे नेले तेव्हा उजवा डोळा नाकापर्यंत आला, पण डावा मध्यरेषा ओलांडून थोडा पुढे जाऊन थांबला आणि त्याच्या कानाकडच्या कोपऱ्यात पांढऱ्या भागाची एक पट्टी उरली. मी जवळून पाहिले, ती पट्टी तांदळाच्या दाण्याएवढी असेल. आम्ही आठवडाभर त्याच चेहऱ्याकडे पाहत होतो आणि ती कोणाला दिसली नव्हती.

मी डॉक्टर नाही, पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे "सहाव्या नर्व्हचा पॅरालिसिस" हे शब्द ऐकल्यावर आधी भीती वाटली आणि मग, खरे सांगायचे तर, कुतूहल वाटले. तेव्हापासून जे समजून घेतले ते येथे मांडते. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात.

मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या असतात. शालेय पुस्तकांत त्यांना कर्परचेता म्हणतात, दवाखान्यात सगळे क्रॅनिअल नर्व्ह म्हणतात आणि घरी आपण सरसकट "नस" म्हणून मोकळे होतो. या बारांपैकी किती डोळ्याच्या कामी येतात हे मोजले, तेव्हा मला आश्चर्य वाटले. दुसरी पाहण्याचे काम करते. तिसरी, चौथी आणि सहावी डोळा हलवतात. पाचवीमुळे डोळ्यात कण गेला तर खुपते, सातवीमुळे पापणी मिटते, आणि आठवी, जी आपण फक्त कानाची समजतो, ती डोके किती वळले याची खबर डोळ्यांना पोहोचवते. सुमारे २४ मिलिमीटर व्यासाच्या एका गोळ्यासाठी बारांपैकी सात चेता राबत असतात.

प्रत्येक डोळ्याला हलवणारे स्नायू सहा आहेत. चार सरळ स्नायू खोबणीच्या टोकाशी असलेल्या एका कड्यापासून निघून बुबुळाच्या वर, खाली, नाकाकडे आणि कानाकडे चिकटतात. उरलेले दोन तिरपे, एक वरचा आणि एक खालचा. यांपैकी कानाकडचा सरळ स्नायू, म्हणजे लॅटरल रेक्टस, एकट्या सहाव्या चेतेवर चालतो, वरचा तिरपा एकट्या चौथीवर, आणि बाकीचे चारही तिसरीवर; शिवाय वरची पापणी उचलण्याचे व बाहुली लहान करण्याचे कामही तिसरीकडेच आहे. कामाची ही वाटणी पाहून मला आमच्या महाविद्यालयाचे कार्यालय आठवले, तिथेही एक लिपिक चार टेबले सांभाळतो आणि दोघांकडे एकेक फाईल असते.

अण्णांची डावी सहावी चेता थकली होती. मधुमेहात चेतेला रक्त पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या अरुंद होतात आणि त्यांतली एखादी बंद पडली की चेतेचा तेवढा भाग काही काळ निकामी होतो. डोळ्याला कानाकडे ओढणारी दोरी सैल पडली, नाकाकडची मात्र तशीच ताणलेली राहिली, म्हणून डोळा किंचित आत वळला आणि त्याने पाहिलेले चित्र डावीकडे सरकलेले भासू लागले.

दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. अण्णांना टीव्हीवरची बाई दुहेरी दिसे, पण हातातले वर्तमानपत्र एकेरी दिसे. याचे कारण असे की जवळचे पाहताना दोन्ही डोळे तसेही नाकाकडे वळावे लागतात. तिथे लॅटरल रेक्टसची फारशी गरजच नसते, त्यामुळे त्याचे दुखणे झाकले जाते. दुसरे म्हणजे, कोणी न सांगता अण्णांनी आपली खुर्ची दिवाणखान्याच्या डाव्या टोकाला नेली होती आणि मान डावीकडे वळवून ते टीव्ही पाहत होते. मान डावीकडे वळली की समोरचे पाहण्यासाठी डोळे उजवीकडे न्यावे लागतात, आणि त्या दिशेला डाव्या लॅटरल रेक्टसला काही कष्ट नसतात. आम्हाला वाटले होते की तिथे पंख्याचा वारा लागतो.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. डॉक्टरांनी पेन अधिकच्या चिन्हासारखे न फिरवता आधी एका बाजूला, मग तिथेच वर-खाली, मग दुसऱ्या बाजूला, मग तिथे वर-खाली असे फिरवले. हे असेच का करतात?

दृष्टिक्षेप

मी नेत्रतज्ज्ञ आहे. आपले बहुतेक विवेचन बरोबर आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण डोळ्यांच्या हालचालींतले खरे मर्म तिथेच आहे.

पेनाचा हा मार्ग इंग्रजी एच या अक्षरासारखा असतो. अधिकच्या चिन्हासारखे पेन फिरवले, तर सरळ समोरून वर पाहताना वरचा सरळ स्नायू आणि खालचा तिरपा स्नायू दोघेही एकदम काम करतात, आणि त्यांतला एक लंगडत असेल तर दुसरा त्याची उणीव थोडीफार भरून काढतो. दोघे मिळून उचलत असलेल्या ओझ्यावरून कोण दमला आहे ते सांगता येत नाही. त्यांना वेगळे करण्याची युक्ती खोबणीच्या रचनेत आहे. आपल्या डोळ्यांच्या खोबणी नाकाच्या सरळ रेषेला समांतर नसून बाहेरच्या दिशेने फाकलेल्या असतात, त्यामुळे वरचा आणि खालचा सरळ स्नायू दृष्टीच्या रेषेशी सुमारे २३ अंशांचा कोन करतात. डोळा तेवढाच कानाकडे वळवला की स्नायूच्या ओढीची रेषा आणि दृष्टीची रेषा एकावर एक येतात. त्या स्थितीत हे सरळ स्नायू निव्वळ वर-खाली ओढतात आणि तिरप्यांचा वर-खाली करण्यातला वाटा जवळजवळ संपतो. उलट डोळा नाकाकडे वळवला की तिरप्या स्नायूंची ओढ दृष्टीच्या रेषेला मिळते आणि वर-खाली करण्याचे काम मुख्यतः त्यांच्याकडे जाते.

म्हणून आम्ही आधी डोळा एका बाजूला नेऊन ठेवतो आणि मग वर-खाली करतो. पेन रुग्णाच्या उजवीकडे असते तेव्हा उजव्या डोळ्याचे सरळ स्नायू आणि डाव्या डोळ्याचे तिरपे स्नायू एकाच वेळी परीक्षेला बसतात, डावीकडे नेले की पाळी बदलते. एखाद्या स्नायूचे काम काय, असा प्रश्न अर्धवट आहे; डोळा या क्षणी कुठे वळलेला आहे हे कळल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. विद्यार्थी असताना मी स्नायूंच्या कामांचा तक्ता पाठ केला होता आणि पहिल्याच रुग्णापुढे तो निरुपयोगी ठरला होता.

वरचा तिरपा स्नायू भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेला आवडेल असा आहे. तो मागून निघतो, खोबणीच्या वरच्या-आतल्या भिंतीने पुढे येतो, तिथे कूर्चेच्या एका लहानशा कप्पीतून त्याची दोरी जाते, आणि मग ती मागे व बाहेर वळून बुबुळगोलाच्या वरच्या बाजूला, मध्यरेषेच्या मागे चिकटते. विहिरीवरच्या रहाटाप्रमाणे ओढ एका दिशेने आणि परिणाम दुसऱ्या दिशेने होतो. गोलाचा मागचा वरचा भाग पुढे खेचला जातो, त्यामुळे पुढचा भाग, म्हणजे नजर, खाली जाते. शिवाय गोल आपल्याच अक्षाभोवती किंचित आत कलतो. लॅटिनमध्ये कप्पीला ट्रॉक्लिआ म्हणतात, म्हणून चौथ्या चेतेचे नाव ट्रॉक्लिअर. मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूने बाहेर पडणारी ही एकमेव कर्परचेता आहे, बाहेर पडण्यापूर्वी ती आपल्या जोडीदाराला छेद देऊन बाजू बदलते, आणि कवटीच्या आत तिचा प्रवास सर्वांत लांब असतो. इतकी बारीक आणि इतकी लांब असल्यामुळे डोक्याला मार लागला की तिला इजा होण्याचा संभव मोठा असतो.

आजोळ

कप्पीचे वर्णन वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि लहानपणापासून मान डाव्या खांद्याकडे कलती ठेवतो. आम्ही त्याला शेकडो वेळा "सरळ बस" म्हटले असेल. शाळेच्या वर्गफोटोतही तो एकटाच कललेला दिसतो. एका ठिकाणी मानेचे स्नायू आखडले आहेत असे सांगून चार महिने व्यायाम करवून घेतले गेले, फरक शून्य. नंतर एका बालनेत्रतज्ज्ञांनी त्याचा उजवा डोळा झाकला आणि त्याची मान आपोआप सरळ झाली! तो क्षण मी विसरणार नाही. उजव्या डोळ्याच्या चौथ्या नर्व्हची जन्मजात कमजोरी आहे, असे निदान झाले. मान कलती ठेवण्याचा आणि नर्व्हचा संबंध मला अजून नीट कळलेला नाही.

दृष्टिक्षेप

आपण डोके उजव्या खांद्याकडे कलवले की दोन्ही डोळे आपल्या अक्षाभोवती उलट दिशेने थोडे फिरून जगाची क्षितिजरेषा सांभाळण्याचा प्रयत्न करतात. त्यासाठी उजव्या डोळ्याला आतल्या बाजूला कलावे लागते. हे काम वरचा तिरपा आणि वरचा सरळ असे दोन स्नायू मिळून करतात. एरवी त्यांतला एक नजर खाली ओढतो, दुसरा वर, त्यामुळे वर-खालीचा हिशेब जुळतो आणि फक्त कलणे शिल्लक राहते. वरचा तिरपा दुबळा असेल तर वरच्या सरळ स्नायूची वर ओढणारी बाजू मोकाट सुटते आणि उजवा डोळा वर चढतो. आपल्या मुलाला हे त्रास देणारे आहे, म्हणून तो डोके विरुद्ध, म्हणजे डाव्या बाजूला कलवतो. तिथे त्या आजारी स्नायूला काम पडत नाही आणि दोन्ही चित्रे जुळतात. एक डोळा झाकल्यावर जुळवायला दुसरे चित्रच उरत नाही, म्हणून मान सरळ झाली. मुलाची ती सवय वाईट नव्हती, तो स्वतःवर उपचार करत होता.

घरातले जुने फोटो अवश्य घेऊन जा. मोठेपणी एखाद्याला अचानक दुहेरी दिसू लागते, आणि बारशापासूनच्या फोटोंत डोके एकाच बाजूला कललेले आढळते; तेव्हा दुखणे नवे नसून जुनेच आता उघडे पडले आहे हे समजते आणि पुष्कळ तपासण्या वाचतात. अशा मुलांत बहुधा खालच्या तिरप्या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेने कमी करून तोल साधतात, पण निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्यांनीच घ्यायचा.

मोठ्या माणसांत चौथी चेता अधू झाली की तक्रार ठरावीक असते, जिना उतरताना पायऱ्या दोन दिसतात आणि वाचताना ओळी एकमेकींवर चढतात. दोन्ही वेळा नजर खाली आणि आत असते, म्हणजे नेमकी कप्पीवाल्या स्नायूच्या हद्दीत.

शंकासुर

माहिती उत्तम आहे, तरी दोन शंका. पहिली, एका स्नायूसाठी एक स्वतंत्र चेता हा निसर्गाचा अपव्यय नाही का? दुसरी, डोळे गोल फिरवण्याचे, दिव्याच्या ज्योतीकडे पाहण्याचे व्यायाम करून हा पक्षाघात बरा होतो असे संदेश आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज येतात, त्यांत तथ्य किती?

दृष्टिक्षेप

पहिलीचे उत्तर असे की ही व्यवस्था माणसासाठी नव्याने आखलेली नाही. शार्कपासून माणसापर्यंत जबडा असलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांत साधारण हेच सहा स्नायू आणि याच तीन चेता आढळतात. वरच्या तिरप्या स्नायूची कप्पी मात्र सस्तन प्राण्यांची खासियत आहे. इतरांत तो स्नायू खोबणीच्या पुढच्या भागातून निघून थेट गोलाला भिडतो. अनेक प्राण्यांत सहावी चेता डोळा खोबणीत मागे ओढून घेणारा आणखी एक स्नायूही चालवते. आपण तो स्नायू गमावला आणि चेता तेवढी ठेवली.

दुसरीचे उत्तर स्पष्ट देतो. जवळचे पाहताना दोन्ही डोळे एकत्र आत वळवण्याची क्षमता कमी असेल, तर देखरेखीखालच्या व्यायामांचा उपयोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. चेताच बंद पडली असेल, तर व्यायामाने ती जागी होत नाही. मधुमेहातली सहावी चेता बहुधा तीन ते सहा महिन्यांत आपोआप सुधारते, आणि त्या काळात माणूस जे काही करत असेल त्याला श्रेय मिळते.

घुंगरू

थोडे अवांतर वाटेल, पण मुद्द्याला धरून आहे. मी भरतनाट्यम शिकते. आमच्याकडे आठ दृष्टिभेद आहेत. त्यांतल्या "साची"त मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायचे असते आणि "प्रलोकित"मध्ये नजर या बाजूकडून त्या बाजूकडे न्यायची असते. आता कळले की साचीत एका डोळ्याचा लॅटरल रेक्टस आणि दुसऱ्याचा नाकाकडचा स्नायू एकाच वेळी ओढला जातो, आणि हे दोन स्नायू दोन वेगळ्या चेतांवर चालतात! मग त्यांची वेळ इतकी अचूक जुळते कशी? आणि एक जुने कोडे. आरशासमोर सराव करताना माझे डोळे हलताना मला कधीच दिसत नाहीत. गुरूंना दिसतात, मला दिसत नाहीत.

सांजवात

कोडे मी सोडवते, कारण ते मी स्वतः करून पाहिले आहे. आरशात आपल्याच डाव्या डोळ्याकडे पाहावे, मग उजव्या डोळ्याकडे, मग पुन्हा डाव्या. नजर जागा बदलते हे जाणवते, पण हलणारा डोळा दिसत नाही, जणू तो नेहमी पोहोचलेलाच असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो उडी मारताना स्पष्ट दिसतो. नजरेची ही उडी सेकंदाला ५०० अंशांहून अधिक वेगाने जाऊ शकते आणि तेवढ्या वेळेपुरता मेंदू दृष्टीची संवेदना दाबून ठेवतो, नाहीतर प्रत्येक उडीबरोबर सारे जग फराटा ओढल्यासारखे दिसले असते. मोबाइलवर स्वतःचे चित्रीकरण करून नंतर पाहिलेत, तर गुरूंना जे दिसते ते तुम्हालाही दिसेल.

याउलट, नजर संथपणे सरकवण्यासाठी समोर सरकणारी वस्तू लागते. रिकाम्या भिंतीवर नजर सावकाश फिरवून पाहा, ती लहान लहान उड्यांनीच जाते. स्वतःचे बोट पुढे धरून हलवा, लगेच नजर तेलासारखी वाहू लागेल. नृत्यात नजर हाताच्या मागे जावी असा आग्रह धरतात, त्याचा डोळ्यांना तरी हा लाभ आहेच.

आणखी एक घरगुती प्रयोग माझ्या वर्गात फार चालतो. छापील कागद समोर धरून तो भरभर डावी-उजवीकडे हलवावा, अक्षरे पुसट होतात. आता कागद स्थिर ठेवून डोके तितक्याच वेगाने हलवावे, अक्षरे वाचता येतात. पहिल्या वेळी डोळ्यांना पाहून पाहून मागोवा घ्यावा लागतो आणि ते काम संथ आहे. दुसऱ्या वेळी आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या डोके वळल्याची खबर आठव्या चेतेतून थेट देतात आणि सुमारे १० मिलिसेकंदांत डोळे उलट दिशेला फिरतात. एसटीच्या धक्क्यांत आपण रस्त्यावरच्या पाट्या वाचू शकतो ते याच्याच जिवावर.

दृष्टिक्षेप

वेळ जुळण्याबद्दल. सहाव्या चेतेचे केंद्र मेंदूच्या देठाच्या मधल्या भागात, पॉन्समध्ये, असते आणि तिसरीचे त्याच्या वर, मध्यमेंदूत. सहाव्या केंद्रात दोन प्रकारच्या पेशी असतात. काही स्वतःच्या बाजूच्या लॅटरल रेक्टसला आज्ञा देतात, आणि काहींचे तंतू लगेच मध्यरेषा ओलांडून वर चढतात व तिसऱ्या केंद्रातल्या, विरुद्ध डोळ्याच्या नाकाकडच्या स्नायूच्या पेशींना तीच आज्ञा कळवतात. थोडक्यात, हुकूम एकाच ठिकाणी निघतो आणि त्याची प्रत दुसरीकडे जाते. जोडीच्या स्नायूंना सारखाच हुकूम मिळतो, हा नियम १९व्या शतकात हेरिंग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांडला.

प्रत नेणारा हा तंतूंचा जुडगा तुटला, तर चित्र मोठे विलक्षण दिसते. रुग्ण बाजूला पाहतो तेव्हा बाहेर जाणारा डोळा जातो, पण आत येणारा मध्यावर अडतो, आणि बाहेर गेलेला डोळा झटके देत राहतो. तरीही त्याच रुग्णाला नाकासमोर बोट धरून जवळ पाहायला सांगितले, तर बऱ्याचदा तोच अडलेला डोळा व्यवस्थित आत येतो. म्हणजे स्नायू शाबूत, तिसरी चेताही शाबूत, फक्त निरोप्या हरवला. तरुण रुग्णांत हे मल्टिपल स्क्लेरोसिसचे आणि वयस्करांत मेंदूच्या देठातल्या लहानशा पक्षाघाताचे लक्षण असू शकते.

पायरीवरचा

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका काकूंची उजवी पापणी एका दिवसात पूर्ण मिटली. सगळ्यांनी "तोंड वाकडे होण्याचा वारा" असे ठरवून टाकले. काकूंना दोन दिसत नव्हते, म्हणून कोणी घाईही केली नाही. त्यांच्या सूनबाईंनी बोटाने पापणी उचलली तेव्हा एकदम दोन दिसायला लागले आणि त्या घाबरल्या. हा कोणता प्रकार?

दृष्टिक्षेप

या प्रतिसादाकडे सर्वांनी लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

तोंड वाकडे होते ते सातव्या चेतेमुळे, आणि तिच्या दुखण्यात डोळा मिटत नाही, उघडा राहून कोरडा पडतो. डोळा उघडत नाही, पापणी पडद्यासारखी खाली येते, ते तिसऱ्या चेतेचे लक्षण असू शकते. काकूंना दोन दिसत नव्हते, कारण पापणीनेच एक चित्र झाकले होते. पापणी उचलल्यावर अशा डोळ्याची नजर बहुधा कानाकडे आणि खाली वळलेली सापडते, कारण तिसरीचे चारही स्नायू गेल्यावर सहावीचा आणि चौथीचा असे दोनच ओढणारे उरतात.

अशा वेळी आम्ही सर्वांत आधी बाहुली पाहतो. बाहुली लहान करणारे तंतू तिसऱ्या चेतेच्या बाहेरच्या थरात असतात. मेंदूच्या तळाशी, या चेतेच्या शेजारून जाणाऱ्या मागच्या जोडधमनीला फुगा आला, तर तो बाहेरून दाबतो आणि बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देत नाही. मधुमेहात चेतेचा गाभा रक्ताविना राहतो आणि बाहेरचा थर पुष्कळदा वाचतो, म्हणून स्नायू जातात पण बाहुली शाबूत राहते. हा ठोकताळा उपयोगी असला तरी त्यावर घरी बसून भरवसा ठेवू नये. दुखते की नाही यावरूनही फरक करता येत नाही, कारण दोन्हींत डोळ्याभोवती ठणका असू शकतो. अचानक पापणी पडणे आणि मोठी झालेली बाहुली हे एकत्र दिसले, तर त्याच तासात मोठे रुग्णालय गाठावे. तो फुगा फुटला तर हाती वेळ उरत नाही.

पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडलेली, असा दिवसभरात बदलणारा प्रकार असेल, तर दोष चेतेत नसून चेता आणि स्नायू यांच्या सांध्यात असण्याचा, म्हणजे मायस्थेनियाचा, विचार करतात.

सहाव्या चेतेबद्दलही एक इशारा राहिला. ती कवटीच्या तळावरून चढत जाऊन हाडाच्या एका धारेवर वळते, त्यामुळे डोक्यातला दाब कोणत्याही कारणाने वाढला तरी ताणली जाते. म्हणून तरुण माणसाला, किंवा डोकेदुखी आणि उलट्या यांच्यासह हे झाले, तर "मधुमेहाचेच असेल" असे म्हणून थांबू नये.

पायरीवरचा

काकूंची बाहुली तपासली गेली होती, स्कॅनही झाला आणि मधुमेहाचेच निघाले. पण दोन दिवस उशीर झाला होता, हे आज कळले. आभार.

शंकासुर

सांजवात, अण्णांचे पुढे काय झाले ते राहिलेच.

सांजवात

सांगते. पहिल्या आठवड्यात त्यांनी एका डोळ्यावर पट्टी बांधली. दोन दिसणे थांबले, पण चहा कपाबाहेर ओतला जाऊ लागला, कारण एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. मग डॉक्टरांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर प्लॅस्टिकचा पातळ चिकटवायचा प्रिझम लावला, जाड बाजू कानाकडे. जवळून पाहिले तर त्यावर वहीच्या रेघांसारख्या बारीक उभ्या रेघा होत्या आणि त्यामुळे जरा धूसर दिसते अशी अण्णांची कुरकुर होती, तरी समोरची निवेदिका एक झाली. सुधारणा झाली नाही तर नाकाकडचा स्नायू ढिला करण्यासाठी बोट्युलिनमचे इंजेक्शन देता येते, असेही त्यांनी सांगितले. सुरकुत्यांसाठी गाजलेले हे औषध मुळात तिरळेपणासाठी वापरात आले आणि अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी १९८९ मध्ये डोळ्यांच्या विकारांसाठीच मिळाली, हे मला माहीत नव्हते.

दरम्यान माझ्यातली शिक्षिका स्वस्थ बसेना. दिवाणखान्याच्या भिंतीवर मी सेंटिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी आडवी चिकटवली, शून्यावर लहान दिवा लावला, आणि प्रिझमचा चष्मा काढून अण्णांना बरोबर तीन मीटरवर, डाव्या डोळ्यापुढे लाल जिलेटीनचा कागद धरून बसवले. उजव्या डोळ्याला पांढरा दिवा आणि डाव्याला लाल दिवा दिसे. मी पट्टीवरून चिठ्ठी सरकवत जाई आणि लाल दिवा तिच्यावर आला की अण्णा "थांब" म्हणत. पहिल्या रविवारी चिठ्ठी ४० सेंटिमीटरवर थांबली. प्रिझमची शक्ती एका मीटरला किती सेंटिमीटर सरकते यावर मोजतात. ४० भागिले ३ म्हणजे १३ आणि थोडे. दवाखान्याच्या कागदावर १४ लिहिले होते. अण्णांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

नंतरच्या रविवारांचे आकडे ३८, ३८, ३१, मग एकदा पुन्हा ३३, मग २२ असे होते. साखर काबूत ठेवण्यापलीकडे आम्ही विशेष काही केले नाही. अकराव्या रविवारी लाल आणि पांढरा दिवा एकमेकांत मिसळून गुलाबी झाला. डाव्या कोपऱ्यात शेवटपर्यंत पाहिले तर अजून जिन्याचा कठडा दुहेरी दिसतो, आणि त्या टोकाला तांदळाच्या दाण्याऐवजी आता तिळाएवढे पांढरे उरते.

गेल्या आठवड्यात अण्णांनी खुर्ची आपणहून उचलून पूर्वीच्या जागी, टीव्हीच्या समोर ठेवली. पट्टी काढू का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी नको म्हटले. डावीकडच्या टोकाचे मोजमाप अजून बाकी आहे.